जुन्या सामानात सापडलेली घड्याळं: तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले होते टेबललॅम्प बघायला आणि घेऊन आले घड्याळ. गल्ल्यापाशी एक पत्र्याचा ट्रे होता. एकएकटी कानातली, तुटक्या साखळ्या, चष्म्याच्या काड्या, आणि त्या गुंत्यात पट्टा नसलेलं एक चावीचं घड्याळ उताणं पडलेलं. डायल कधीकाळी पांढरी असावी, आता दुधावरच्या सायीसारखी झाली आहे. सेकंदकाट्याला खाली वेगळं छोटं वर्तुळ आहे. '१७ ज्वेल्स', म्हणजे आतल्या चाकांच्या टोकांना बसवलेली माणकं, एवढं वाचता येतं, कंपनीच्या नावातलं पहिलं अक्षर सोडून बाकी पुसलंय. चिठ्ठीवर एकच शब्द: 'बंद'. चावी फिरवायला गेले तर ती जागची हलेना. घरी सगळ्यांचं एकमत झालं की कुणीतरी चावी जास्त दिली आणि स्प्रिंग गेली.

घड्याळजींकडे दिलंय, ते आठ दिवसांनी या म्हणालेत. तोवर दम धरवत नाही म्हणून हा धागा. पॉलिश करून मखमलीवर ठेवलेल्या घड्याळांचे फोटो पुष्कळ बघितले. मला हे ऐकायचंय की ट्रेमध्ये पडलेलं असताना ते कसं दिसत होतं आणि तुम्ही ते का उचललंत. फसलेले किस्से तर आधी लिहा.

* * *

आधी तो चावीचा गैरसमज काढून टाकतो. चावी जास्त दिल्याने घड्याळ बिघडत नाही. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली गेली की चावी अडते, एवढंच. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या घड्याळात तेल वाळून चिकट होतं, चाकं हलत नाहीत, मग गुंडाळलेली स्प्रिंग उलगडणार कशी? शेवटच्या मालकाने चावी दिली असणार, चालेना म्हणून अजून दिली असणार, अडली तेव्हा खणात टाकून दिलं असणार. तुमच्या घड्याळात त्याने दिलेला पीळ अजून तसाच बसलेला आहे बघा.

आता माझं. चिठ्ठी होती 'सेल संपला आहे'. पालथं करून बघितलं तर पाठीवर ६११९ ने सुरू होणारा आकडा. म्हणजे सिकोचं ऑटोमॅटिक मशीन, हात हलला की आपोआप चावी बसणारं, त्याला सेल नसतोच! हातात धरून दोनदा हलवलं आणि सेकंदकाटा निघाला. काउंटरवरच्या मुलाने डोळे मोठे करून विचारलं, "काय केलंत काका?" मी मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. पुढच्या महिन्यात गेलो तर पठ्ठ्याने दुकानातलं प्रत्येक घड्याळ हलवून बघितलेलं आणि चालणाऱ्यांच्या चिठ्ठ्या बदललेल्या. तेव्हापासून दुकानात तोंड उघडत नाही.

त्या काळातल्या सिकोच्या पाठीवर अजून एक क्रमांक असतो. त्यातला पहिला अंक म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा म्हणजे महिना. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला 'एन', डिसेंबरला 'डी'. माझ्या घड्याळावर १ आणि एन. आता हे १ म्हणजे १९६१, ७१ की ८१, ते क्रमांक सांगत नाही, मशीनवरून ओळखायचं. ६११९ हे मशीन साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आलं आणि ८१ च्या आधीच बंद झालं. म्हणजे नोव्हेंबर १९७१. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण आमच्या दोघांत वेळेवर चालतं ते घड्याळ.

* * *

सहा वर्षं, महिन्यातून दोन खेपा. मिळालेली जुनी घड्याळं: शून्य. मिळालेल्या इतर वस्तू: तीन छत्र्या, एक टाइपरायटर, पाठदुखी. हाही अनुभवच आहे, नोंद असू द्या.

* * *

फसलेला किस्सा हवा होता ना, घ्या.

सोनेरी घड्याळ, डायलवर मोठं स्विस नाव, आणि डायल कशी, तर कालच छापल्यासारखी कोरी. केसवर ओरखडे, काचेला तडा, पट्टा कुजलेला, फक्त डायल चकचकीत. तिथेच शंका यायला हवी होती. मला आला तो आनंद. घरी भिंगाखाली धरलं तेव्हा एकेक दिसायला लागलं. मिनिटांच्या रेषा बाहेरच्या कडेला नीट जुळत नव्हत्या. सहाच्या खाली 'स्विस मेड' असायला हवं तिथे दोन शब्द दोन वेगळ्या उंचीवर. नावातल्या अक्षरांच्या कडा शाई पसरावी तशा जाड. म्हणजे जुनी डायल धुऊन तिच्यावर नवीन रंगकाम. झाकण उघडलं तर मशीन तिसऱ्याच कंपनीचं निघालं. सोनंही गेलं, कारण पाठीवर 'स्टेनलेस स्टील बॅक' असं लिहिलेलं. त्याचा अर्थ पाठ तेवढी स्टीलची, बाकी अंग पितळेचं आणि वर मुलामा. पट्टा अडकवायच्या शिंगांपाशी मुलामा उडून पितळ दिसत होतं, ते मला 'जुन्या सोन्याची छटा' वाटली होती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आता मी डायल आधी बघतच नाही. पाठ बघतो, शिंगं बघतो, मग चावी. डायल शेवटी.

* * *

जानेवारी २०१५ मधली फिनिक्सची गोष्ट कुणीच कशी लिहिली नाही? अमेरिकेतला एक घड्याळवेडा तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गोल्फची ढकलगाडी शोधायला गेला आणि त्याला घड्याळांच्या ढिगात लेकुल्त्र या स्विस कंपनीचं 'डीप सी अलार्म' दिसलं. समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं, मनगटावर गजर देणारं दुर्मीळ घड्याळ. दिलेल्या पैशांच्या पाच हजार पटींहून जास्त किमतीला त्याने ते विकलं. मी ती बातमी वाचून या नादाला लागलो.

* * *

याच बातमीने माझेही दोन वर्षांचे शनिवार खाल्ले. त्या माणसाने ते ओळखलं, कारण असं घड्याळ दिसतं कसं हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. ते आपल्या हाती लागलं असतं तर 'काहीतरी खेळण्यातलं दिसतंय' म्हणून आपण परत ठेवलं असतं. मी तरी नक्कीच.

* * *

रेडियमचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपण अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला रेडियम म्हणून मोकळे होतो. इथे खरोखरचं, किरणोत्सर्गी रेडियम असतं.

मला एक जुनं घड्याळ मिळालं, आकडे आणि काटे तपकिरी झालेले. काटे दोन वीसवर थांबलेले. चावी ओढून काटे पुढे सरकवले तर त्यांच्याखाली डायलवर तपकिरी डाग, हुबेहूब काट्यांच्या आकाराचा! दोन वीसची सावलीच. मला वाटलं गंज. झाकण उघडून ब्लेडने खरवडायच्या बेतात होते. भाऊ भौतिकशास्त्र शिकवतो, त्याला फोटो पाठवला तर त्याचा उलट फोन आला, "आहे तसं खाली ठेव आणि हात धू."

काट्यांवरच्या रंगात रेडियम होतं. वर्षानुवर्षं काटे एकाच जागी थांबले आणि त्याने खालची डायल भाजून काढली. मी म्हटलं, रात्री तर चमकत नाही, मग संपलं असेल. तर नाही. त्या रंगात मिसळलेलं झिंक सल्फाइड झिजतं म्हणून चमक जाते. रेडियम तिथेच असतं, ते निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. घड्याळाचं झाकण बंद असताना फार घाबरायचं कारण नाही, धोका आहे तो आतली पूड नाकातोंडात जाण्याचा. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कारखान्यांत मुली हे आकडे रंगवायच्या आणि ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. त्यांच्या जबड्याची हाडं गेली, कितीजणी जिवानिशी गेल्या.

साठच्या दशकात रेडियम मागे पडलं, ट्रिटियम आलं. ते सौम्य आणि साधारण १२ वर्षांत निम्मं होणारं. सहाच्या आकड्याखाली 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना बारीक 'टी' दिसला तर ते ट्रिटियम. काहीच लिहिलेलं नसेल आणि आकडे तपकिरी असतील तर उघडू नका, खरवडू नका, आणि घड्याळजींकडे देताना त्यांना आधी सांगा. माझं काचेच्या डबीत आहे, दोन वीस वाजवून.

* * *

माझी चिठ्ठी होती 'चावी तुटलेली'. खरंच, बाजूला चावीच नव्हती. पण चावी तुटली तर भोक तरी दिसायला हवं ना? कड अगदी गुळगुळीत. म्हणून उचललं. पालथं केलं तर पाठीवर दुमडलेली छोटी कडी आणि शेजारी सेलचं गोल झाकण. बुलोव्हाचं अ‍ॅक्युट्रॉन! त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलात वेळ लावायची कडीच पाठीवर असते. १९६० साली आलेलं हे घड्याळ टिकटिक करत नाही. आत चिमट्यासारखा एक छोटा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) सेकंदाला ३६० वेळा थरथरतो, त्यावर काटे चालतात. त्याचा जुना पाऱ्याचा सेल १.३५ व्होल्टचा असायचा, तो आता मिळत नाही. हल्लीचा १.५५ चा. त्यामुळे थेट सेल घालायची घाई केली नाही, जाणकाराकडून तपासून घेतलं. त्याने सेल घालून माझ्या कानाला लावलं. दुसऱ्या खोलीत डास अडकल्यासारखा आवाज. सेकंदकाटा न अडखळता वाहत होता.

बायको म्हणते, रात्री उशाशी नको.

* * *

सगळे दादा-काका बोलून झाले असतील तर एक सांगू? त्याच ट्रेमध्ये बायकांची घड्याळं असतात. नखाएवढी डायल, नाजूक पट्टा. तुम्ही ती बाजूला सारून 'खरी' घड्याळं शोधता. तेवढ्याशा जागेत १७ माणकं, तोल सांभाळणारं चाक, केसापेक्षा बारीक स्प्रिंग असं सगळं बसवलेलं असतं. माझ्याकडे अशी नऊ आहेत, त्यातली चार चालतात. दुरुस्तीला कुणी पटकन हात लावत नाही, हा त्रास आहेच. एकाच्या पाठीवर दोन आद्याक्षरं आणि एक तारीख कोरलेली आहे. दुकानात विचारलं, कुणी दिलं होतं? मोठ्या खोक्यातून आलं, कुणाचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या तारखेला मी ते घालते.

* * *

आमच्या घरात दोन पिढ्या घड्याळदुरुस्तीचंच काम होतं, म्हणून धागाकर्त्या ताईंना एक सुचवतो. घड्याळ परत घ्यायला जाल तेव्हा झाकण आतल्या बाजूने बघायला मागा. दुरुस्ती केली की अनेक कारागीर तिथे सुईने बारीक खूण करायचे. कुणी तारीख, कुणी नुसता आपल्या वहीतला नंबर. तिरप्या प्रकाशात धरल्याशिवाय दिसत नाही. बाबा नवीन गिऱ्हाइकाचं झाकण उघडलं की आधी त्या खुणा वाचायचे आणि म्हणायचे, "याला जपलंय" किंवा "याचे हाल झालेत." मशीनकडे नंतर बघायचे. खुणा जास्त तर घड्याळ सारखं बिघडणारं, असं लोकांना वाटतं. बाबांचा हिशेब उलटा होता: ज्यावर कुणी पुन्हा पुन्हा पैसे घातले ते टाकाऊ नव्हे.

आणि घड्याळ दिवसाला वीस-वीस मिनिटं पुढे जात असेल तर लगेच खोलू नका. लोहचुंबकामुळे हेअरस्प्रिंगचे, म्हणजे त्या केसापेक्षा बारीक स्प्रिंगचे, वेटोळे एकमेकांना चिकटतात, म्हणून पळतं. होकायंत्राजवळ धरून बघा, सुई हलली तर बहुधा तेच. चुंबकत्व काढणं दोन मिनिटांचं काम आहे.

* * *

धागाकर्ती परत आली आहे. आज जाऊन आले.

घड्याळजींना म्हटलं, माझ्यासमोर उघडाल का? त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, झाकण काढलं आणि मला दिव्याखाली तिरपं धरून दाखवलं. तीन खुणा. दोन नुसते नंबर, वेगवेगळ्या हातांचे. तिसरी स्पष्ट: ७४, आणि पुढे एक आडवी रेघ. तुमच्या बाबांचं वाक्य त्यांना सांगितलं. ते हसले, म्हणाले, "जपलंय."

स्प्रिंग शाबूत आहे, तेल वाळून राळ झालंय. पहिल्या प्रतिसादातले काका, तुम्ही बरोबर होतात. खोलण्याआधी स्प्रिंग उतरवावी लागते म्हणाले. चिमट्याच्या टोकाने एक इवलीशी पट्टी बाजूला दाबून धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटांत चावी हळूहळू सैल सोडत गेले. आठवडाभर जागची न हललेली ती चावी उलटी फिरायला लागली, काही आवाज न करता. मी मनात फेरे मोजत होते, सातनंतर चुकले. मग ती थांबली.

"कुणीतरी शेवटपर्यंत दिली होती," घड्याळजी म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.