मदत हवी आहे: शमशोन मुलांना कसा शिकवावा?

सर्वांना सलाम. मी आमच्या मंडळीत तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा संडे स्कूलचा वर्ग घेते. पुढच्या रविवारी बायबलमधल्या अचाट ताकदीच्या शमशोनाचा धडा आहे (शास्ते या पुस्तकाचे अध्याय १३ ते १६) आणि मी अडले आहे.

लहानपणी आम्हाला फक्त सिंह, गाढवाचं जाभाड आणि गज्जा शहराच्या वेशीची दारं एवढंच सांगितलं. आता चारही अध्याय सलग वाचले. जन्माआधीच देवाला वाहिलेला नाजीर (कडक व्रत पाळणारा), पण मेलेल्या सिंहाच्या सांगाड्यातला मध खातो, आईवडिलांना सांगतही नाही. कोड्याची पैज हरल्यावर अष्कलोन शहरातली तीस माणसं मारून त्यांचे कपडे देतो. पलिष्ट्यांनी (इस्राएलाच्या शत्रूंनी) त्याची बायको आणि सासरा जाळून टाकले, त्या बाईबद्दल कोणीच का बोलत नाही? त्याच्या ताकदीचं गुपित काढून घ्यायला त्याच्या प्रेयसीला, दलीलेला, तर प्रत्येक पलिष्टी सरदाराने चांदीचे अकराशे तुकडे कबूल केले होते.

माझी खरी अडचण शेवटाची. पलिष्ट्यांनी डोळे फोडल्यावर तुरुंगात दळण दळणारा शमशोन प्रार्थना करतो ती आपल्या डोळ्यांचा सूड मागण्यासाठी. याला पश्चात्ताप म्हणायचं का? तरीही नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांत त्याचं नाव आहे. गालीलातल्या हुकोक इथल्या पाचव्या शतकाच्या सभास्थानात त्याची मोझेक चित्रंही सापडली आहेत.

मुलं हे नक्की विचारतील. ज्यांनी हा भाग शिकवला आहे, त्यांनी शेवटची प्रार्थना कशी समजावली? यहुदी परंपरेत ती कशी वाचतात, हे कोणी बेने इस्राएल बांधव सांगतील का?