महाग सीरम आणि सनस्क्रीन घेण्यात खरोखर काही अर्थ आहे का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

माझे वय 36 वर्षे असून नोकरीसाठी मी रोज दुचाकीने मिरजेला जाते. गेल्या दोन वर्षांत दोन्ही गालांवर वांगाचे डाग दिसू लागले आहेत. पुण्यात राहणाऱ्या माझ्या नणंदेने 30 मिलिलिटरचे 2,900 रुपयांचे क जीवनसत्त्वाचे सीरम आणि 50 ग्रॅमचे 1,800 रुपयांचे सनस्क्रीन घेण्याचा आग्रह धरला आहे. वेष्टनावर जवळजवळ तेच घटक छापलेल्या साध्या कंपन्यांच्या या दोन्ही वस्तू मिळून हजार रुपयांच्या आत येतात. सासूबाईंचे मत असे, की हळदीची एवढी मोठी पेठ असलेल्या गावात राहून बाटल्यांवर पैसे घालवावेत हेच नवल आहे. मला जाहिरातीतला दावा नको आहे. जास्तीच्या पैशांत नेमके काय मिळते, हे कोणी अनुभवाने किंवा अभ्यासाने सांगू शकेल का?

प्रतिसाद (मिरज, निवृत्त औषधविक्रेता)

ताई, सनस्क्रीनपासून सुरुवात करतो, कारण वांगावर बाकी काहीही लावले तरी ऊन अडवले नाही तर तो खर्च वाया जातो. ट्यूबवर छापलेला एसपीएफचा, म्हणजे उन्हाच्या जळवणाऱ्या किरणांपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा थर लावून काढलेला असतो. चेहऱ्याचा हिशेब केला, तर एका वेळी साधारण सव्वा ग्रॅम, म्हणजे दोन बोटांच्या लांबीवर ओढलेल्या दोन रेघांएवढे सनस्क्रीन लागते. या मापाने दिवसातून एकदाच लावले तरी 50 ग्रॅमची ट्यूब चाळीस दिवसांत संपायला हवी, आणि दुपारी परतताना पुन्हा लावले तर वीस दिवसांत. आपण सांगितलेल्या ट्यूबचा खर्च एका वेळेला सुमारे 45 रुपये पडतो. एवढी महाग वस्तू हातात आली की माणूस नकळत वाटाण्याएवढी घेतो, आणि मग एसपीएफ 50 हा आकडा केवळ ट्यूबवरच राहतो. पूर्ण मापाने लावल्यास एसपीएफ 30 सुमारे 97 टक्के आणि एसपीएफ 50 सुमारे 98 टक्के जळवणारे किरण अडवते; त्यामुळे भरपूर लावलेले 350 रुपयांचे सनस्क्रीन जपून लावलेल्या 1,800 रुपयांच्या सनस्क्रीनपेक्षा केव्हाही चांगले.

खोक्यावर किमतीजवळच दर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव छापलेला असतो, तो अवश्य पाहावा. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. मात्र एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात, हे ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट विचारली नसतानाही सांगतो. वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड एकत्र असलेले मलम पुष्कळ जण परस्पर मागतात. ते स्वस्त असते आणि सुरुवातीला फरकही झपाट्याने दिसतो. पण डॉक्टरांच्या देखरेखीविना महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मलम थांबवताच चेहरा भडकतो. ते औषध आहे, प्रसाधन नव्हे.

प्रतिसाद (सातारा, रसायनशास्त्राची शिक्षिका)

वरील म्हणणे सनस्क्रीनपुरते मान्य आहे, परंतु सीरमच्या बाबतीत थोडा मतभेद आहे. क जीवनसत्त्वाचे शुद्ध रूप, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, हवा, उजेड आणि उष्णता यांनी झपाट्याने बिघडते, आणि त्वचेत शिरण्यासाठी द्रावणाची आम्लता बरीच तीव्र, म्हणजे पीएच 3.5 च्या खाली असावी लागते. त्यामुळे दोन बाटल्यांवर तेच नाव आणि तीच टक्केवारी असली, तरी आतील द्रव्य सारखेच टिकेल असे नाही. माझे स्वस्तातले सीरम पारदर्शक बाटलीत होते आणि दीड महिन्यात चहासारखे तपकिरी झाले. तथापि महाग बाटलीतले आम्लही त्याच रसायनशास्त्राला बांधलेले आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत किंमत पाहून ते टिकत नाही. घ्यायचेच असेल तर गडद रंगाची लहान बाटली घ्यावी आणि रंग बदलताच टाकून द्यावी. नायसिनामाइडची, म्हणजे ब3 जीवनसत्त्वाच्या एका रूपाची, अशी कटकट नाही. ते स्थिर आहे, स्वस्त आहे, आणि डागांसाठी चार-पाच टक्के पुरे होते.

मॉइश्चरायझरवर मात्र अधिक पैसे घालण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, पेट्रोलियम जेली त्वचेतून उडणारे पाणी रोखते, आणि ही दोन्ही द्रव्ये कोणाच्याही बाटलीत तीच असतात. लाँकोम आणि गार्निए ही नावे एकाच लॉरिआल कंपनीची आहेत, एवढे लक्षात घेतले तरी किमतीतील काही भाग सुगंधाचा, काचेचा आणि नावाचा असतो हे उमगते.

प्रतिसाद (सांगली, गावभाग)

मला वांगाचा त्रास सहा वर्षे होता. अनुभव असा, की घेतलेले सर्वांत स्वस्त सनस्क्रीन चेहऱ्यावर राख फासल्यासारखे पांढरे दिसे, म्हणून पंधरा दिवसांत मी ते लावणेच सोडले. घामात न ओघळणारे, रोज लावताना कंटाळा न येणारे सनस्क्रीन शंभर-दीडशे रुपये जास्त देऊन घ्यावे, त्याबद्दल कंजूषपणा करू नये. वांग केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन माझ्या त्वचारोगतज्ज्ञांनी सुचवले होते. दुचाकीवर जाड विणीचा सुती स्कार्फ बांधावा, तो तर घरातच असतो. सासूबाईंना सांगावे, की राजापुरी हळद आमटीत उत्तम. चेहऱ्यावर तिने पिवळेपणा येतो, ऊन अडत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सीरमचा विचार तूर्त सोडला आहे, आणि त्या पैशांत मिरजेतील त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. काकांचा हिशेब वाचून घरातली सनस्क्रीनची ट्यूब काढून पाहिली. दिवाळीत घेतलेली ती ट्यूब गुढीपाडवा झाला तरी अर्धी शिल्लक आहे. नणंदेलाही विचारले. तिची 1,800 रुपयांची ट्यूब सात महिने पुरली, असे तिने मोठ्या कौतुकाने सांगितले.