चौघांनी मिळून जड जॉब (मशीनवर चढवायचा भाग) उचलताना काय सांभाळायचं?

नवा सुपरवायझर, गोकुळ शिरगाव
आमच्या मशीन शॉपमध्ये बिडाचं (ओतीव लोखंडाचं) ९० किलोचं हाऊसिंग, म्हणजे यंत्राचं बाहेरचं कवच, येतं. क्रेन मोकळी नसली की चार पोरं हातानंच मशीनवर चढवतात. परवा ठेवताना एकानं आधीच हात काढला, दुसऱ्याची बोटं थोडक्यात वाचली. मालक म्हणतात, चौघांत माणशी साडेबावीस किलो, त्यात काय एवढं? त्यांना काय सांगू?

शिरोलीचा फिटर
भावा, हा हिशोब कागदावरचा. जाड बाजू ज्याच्याकडे, त्याच्या हातावर जास्त भार. त्यात धरायला धड जागा नाही, पायात पाय येतात. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याचं मार्गदर्शन असं, की दोघांची ताकद बेरजेच्या दोन तृतीयांश धरायची आणि तिघांची निम्मी. म्हणजे २५-२५ किलो झेपणारे तिघं असले तर ७५ नाही, साडेसदतीस. चौथा आला म्हणून ९० कसे होतील? मालकांसमोर हेच मांडा.

त्या हाऊसिंगला हात लावूच देऊ नका. मशीनशेजारी जिब (खांबावरचा फिरता आडवा हात) आणि चेन पुली ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) बसवून घ्या. पोरांची बोटं परत येत नाहीत हो.

हलके जॉब उचलताना मात्र आवाज एकाचाच, आणि तो सगळे दिसतात अशा माणसाचा. 'तीन'ला उचलायचं की 'उचल' म्हटल्यावर, हे आधी ठरवा. घोळ बहुतेक तिथंच होतो. टेबलावर आधी लाकडी गुटके ठेवा, म्हणजे बोटं काढायला फट राहते. 'सोडा' ऐकल्याशिवाय कुणी हात काढायचा नाही. आणि निसटलाच तर झेलायला जायचं नाही. कुणीही 'गेला' म्हणून ओरडलं की सगळे एकदम मागं.

पॅटर्नवाला, उद्यमनगर
जॉबवर खडूनं वजन लिहायची सवय लावा. ड्रॉइंगवर नसेल तर आकारमान काढा. एक लिटर बीड साधारण ७.२ किलो भरतं. अंदाजानं 'हलकाच आहे' म्हणणारा एक तरी असतोच.

नवा सुपरवायझर, गोकुळ शिरगाव
हिशोब दाखवला, मालक चेन ब्लॉकला तयार झाले. शेडच्या ट्रसला (छपराच्या कैचीला) टांगला तर चालेल?

शिरोलीचा फिटर
अजिबात नको! ट्रस छपराचा भार धरून केलेला असतो. जिबला स्वतंत्र खांब उभा करा, त्याच्या फाउंडेशनचा हिशोब इंजिनिअरकडून करून घ्या. तोवर ते हाऊसिंग क्रेन मोकळी होईपर्यंत खालीच राहू दे.