मदत हवी आहे: रूटच्या स्क्रिप्टमधली सिमलिंकची फट कशी बुजवायची?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत मच्छीमार सोसायटीच्या सर्व्हरवर (लिनक्सचं डेबियन १०, कर्नल म्हणजे त्याचा गाभा ४.१९) रूटची, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरची, शेल स्क्रिप्ट दर ५ मिनिटांनी चालते. जेटीवरचे काटेवाले 'आवक' फोल्डरमध्ये वजनाच्या पावत्या टाकतात. स्क्रिप्ट आधी फाइल सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारी लिंक) नाही ना ते बघते, मग चोन (chown) कमांडने मालकी हिशेबनिसाकडे देते. गोची या दोन पायऱ्यांच्या मधेच आहे. तेवढ्या क्षणात पावती काढून तिच्या जागी शॅडो फाइलकडे जाणारी लिंक ठेवली, की पासवर्डांची फाइलच हिशेबनिसाच्या नावावर!

अशा लिंकांपासून वाचवणारं कर्नलचं प्रोटेक्टेड-सिमलिंक सेटिंग १ (चालू) आहे, पण ते स्टिकी (दुसऱ्याची फाइल काढू न देणाऱ्या) आणि सगळ्यांना लिहिता येणाऱ्या फोल्डरपुरतंच. आपल्या फोल्डरची परवानगी २७७५ (लिहिणं फक्त मालक आणि गटाला, स्टिकी नाही), म्हणजे उपयोग शून्य.

विचार असा: छोट्या सी प्रोग्रॅममध्ये ओपनॲटने (openat, आधी उघडलेल्या फोल्डरपासून पुढचं उघडणारा कॉल) वाटेतलं एकेक फोल्डर आणि शेवटी फाइल नोफॉलोसह (लिंकमागे न जाता) उघडायची, एफस्टॅटने (उघडलेल्या फाइलची माहिती देणारा कॉल) साधी फाइल आणि हार्डलिंक (त्याच फाइलचं नाव) १ च आहे हे तपासायचं, मग त्याच डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाइलच्या क्रमांकावर) एफचोन, म्हणजे मालकी बदल. कुणी फिफो (प्रोग्रॅममध्ये डेटा पोचवणारी पाइपसारखी फाइल) ठेवला तर ओपन अडकेल, म्हणून नॉनब्लॉक (न थांबता उघडणं) ही. लिंका थेट नाकारू शकणारं ओपनॲट२ कर्नल ५.६ पासून आलं, तेव्हा ते इथे नाही.

यात काही निसटतंय का? की रूट सोडून हिशेबनिसाच्या युजरनेच फाइल कॉपी करून घ्यावी? मला हेच जास्त पटतंय. असं कुणी चालवत असेल तर फोल्डरच्या परवानग्या कशा ठेवल्यात, तेवढं कृपया सांगा.