पूर-तयारी वर्गासाठी महापालिकेकडून अनुदान: अर्जात नेमकं काय लिहायचं?

खजिनदार_वैनी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका महिला मंडळाची खजिनदार. मंडळ रजिस्टर आहे, बँकेत खातं आहे, पॅन आहे, आणि हिशेब माझ्या लाल वहीत पैशापैशाचा आहे. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

आमच्या दोन गल्ल्यांत पुराचं पाणी येतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला आलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ च्या ऑगस्टात घरातली पत्र्याची ट्रंक पलंगाखाली राहिली. त्यात सासूबाईंचं पेन्शनचं पुस्तक, रेशनकार्ड, थोरल्याची दहावीची मार्कलिस्ट. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर आत भिजवलेल्या पोह्यांसारखा लगदा. २०२१ च्या जुलैत तीच ट्रंक माळ्यावर होती म्हणून कागद वाचले. पण त्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या आज्जी घरातच राहिल्या. गाडीवरनं भोंगा फिरून गेला, आज्जींना ऐकूच येत नाही. शेवटच्या बोटीत बसवलं त्यांना.

तेव्हापासून डोक्यात होतं. गेली दोन वर्षं आम्ही एप्रिल-मेचे सहा रविवार शाळेच्या हॉलमध्ये वर्ग घेतो. कागद कसे बांधायचे, गॅस-लाईट कधी बंद करायची, दोराची गाठ, प्रथमोपचार, कोणत्या घरात कोण म्हातारं आहे त्याची यादी. १२० घरं आहेत. यंदाचा खर्च असा काढलाय:

कागदांसाठी वॉटरप्रूफ पाकिटं १२० × ४५ = ५,४००
शिट्ट्या १२० × २० = २,४००
प्रथमोपचार पेट्या ४ × १,१५० = ४,६००
शिकवणाऱ्यांचं मानधन २ × १,५०० = ३,०००
माईक-स्पीकर भाडं ६ × ७०० = ४,२००
उप्पीट-चहा, सहा रविवार, ६० माणसं, २० रुपयांप्रमाणे = ७,२००
छपाई १,८००
एकूण २८,६००

वर्गणी आणि भिशीतली शिल्लक धरून आमच्याकडे ९,००० आहेत. मागच्या एप्रिलात एका कार्यालयात अर्ज दिला होता, नाव घेत नाही. विषय: आर्थिक मदत मिळणेबाबत. जुलैत एका ओळीचं उत्तर आलं, तरतूद उपलब्ध नाही. तोवर पाऊस सुरू होऊन गेलेला. यंदा फेब्रुवारीतच विचारतेय. असल्या कामाला पालिकेकडून पैसे मिळतात का, आणि मागायचे कसे?

बिंदूचौक_बॉय

वैनी, कशाला ते सरकारी लफडं. एखाद्या दादाला गाठा, एक डिजिटल बोर्ड लावा त्याच्या फोटोचं, २८ हजार म्हणजे त्यांच्या चहापाण्याचा खर्च. संध्याकाळपर्यंत पैसे जमा.

खजिनदार_वैनी

भावा, पहिल्या वर्षी तेच केलं होतं. पाकिटावर फोटो एवढा मोठा आला की मदतीचा फोन नंबर छापायला जागा उरली नाही. नंतर नंबर पेनानं लिहीत बसलो आम्ही बायका, आणि पेनाची शाई पाण्यात किती टिकते ते तुला सांगायला नको.

टिप्पणीवाला_काका

वैनी, आधी ते ‘आर्थिक मदत मिळणेबाबत’ खोडा. मी ३१ वर्षं लेखा शाखेत काढली, कोल्हापुरात नव्हे, दुसऱ्या एका पालिकेत. असला विषय दिसला की अर्ज कुठल्या टेबलावर टाकायचा हेच आवकवाल्याला कळत नाही. मग तो फिरतो. फिरत फिरत आमच्याकडे यायचा आणि आम्ही लिहायचो, तरतूद नाही. खोटं नसायचं ते. ‘मदत’ नावाचं लेखाशीर्षच, म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातंच नसतं.

पालिका संस्थेला पैसे देत नाही, कामाला देते. काम कुठल्यातरी लेखाशीर्षात बसलं पाहिजे. म्हणून अर्ज लिहायच्या आधी महापालिकेचं अंदाजपत्रक घेऊन बसा. खर्चाची बाजू उघडा आणि बोट ठेवून एकेक शीर्ष वाचत जा. जमेची बाजू आपल्या कामाची नाही. तुमच्या कामाला तीन दारं दिसतात मला. एक आपत्ती व्यवस्थापन. दुसरं महिला व बालकल्याण, त्यासाठी स्थानिक संस्थांना ५ टक्के निधी राखावा लागतो. आणि तिसरं, जे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही, दिव्यांग कल्याण. त्याचाही ५ टक्के राखीव असतो, पूर्वी ३ होता. भोंगा ऐकू न येणाऱ्या त्या आज्जींबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या अर्जातला सगळ्यात वजनदार भाग तोच. ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही, चालता येत नाही अशांची घरवार यादी आणि प्रत्येकाला बाहेर काढायला नेमलेले दोन शेजारी. हे सुट्टं काम म्हणून लिहा.

आता कायद्याचं थोडं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ मध्ये पालिकेनं करायलाच हवीत अशी कामं आहेत, पाणी, गटारं, दिवाबत्ती वगैरे. कलम ६६ मध्ये ‘करू शकते’ अशी. तुमचा वर्ग दुसऱ्या यादीतला. म्हणजे तुम्हाला हक्क म्हणून भांडता येणार नाही, पण साहेबाला द्यायचे असतील तर त्याला कायद्याचा आधार आहे. त्या कलमाचा उल्लेख अर्जात करा. टिप्पणी लिहिणाऱ्या कारकुनाला तयार वाक्य मिळालं की तो तेच उतरवून घेतो. अनुभवाचे बोल आहेत.

वेळेचं सांगतो. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि खात्यांकडून मागण्या त्याआधीच्या हिवाळ्यातच लेखा शाखेत गेलेल्या असतात. एप्रिलात तुम्ही अर्ज दिलात तेव्हा पानं छापून झाली होती. यंदाचं नवं शीर्ष तुम्हाला मिळणार नाही, तो नाद सोडा. पण पावसाळ्यापूर्वीच्या तयारीत खातं स्वतः कार्यक्रम घेतंच, त्यात ‘संयुक्त विद्यमाने’ शिरा. पुढच्या वर्षासाठी वेगळा अर्ज येत्या डिसेंबरात द्या.

आणि सगळे पैसे रोखीत मागू नका. माईक आणि शिकवणारा माणूस वस्तुरूपात मागा. अग्निशमन दल प्रात्यक्षिक दाखवतं, जिल्ह्यात प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक, आपदा मित्र आहेत. माईक आणि मानधनाचे ७,२०० तिथंच गेले. उप्पीट-चहा आणि छपाई तुमच्या ९,००० तून, बरोबर तेवढेच होतात बघा. खाण्याचा खर्च अर्जात दिसला की आमच्या लोकांची भुवई वर जाते, काय करणार. उरले १२,४००: पाकिटं, शिट्ट्या, पेट्या. तिन्ही मोजता येणाऱ्या वस्तू, तिन्हींची वाटपयादी सहीनिशी देता येते. एवढेच मागा.

खजिनदार_वैनी

काका, काय सांगू, बेरीज मी चार वेळा केली होती पण अशी फोड सुचली नव्हती. दोन शंका. एक, १२,४०० एवढी बारीक रक्कम मागितली तर कुणी बघेल का? दुसरी जरा लाजेची. आमच्या जुन्या अध्यक्षा मुलाकडे पुण्याला गेल्या. नवीन निवडून तीन वर्षं झाली, पण धर्मादाय कार्यालयात कळवायचं राहून गेलं. चालतंय का?

ताळेबंद_ताई

दुसऱ्या शंकेचं मी सांगते, संस्थांचे ऑडिटच करते. चालत नाही. पालिका तुमच्याकडे परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे पदाधिकाऱ्यांची नावं असलेला धर्मादाय कार्यालयाचा कागद मागेल आणि त्यावर जुन्या अध्यक्षा असतील. अर्जावर सही नव्या बाईंची. पहिल्याच टेबलावर अडकेल. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. आता विलंब माफीचा अर्ज जोडून द्या. सोबत निवडीच्या सभेची नोटीस, हजेरी, ठराव आणि जुन्या बाईंचं राजीनामापत्र. राजीनामा तोंडी असेल तर पुण्याला फोन करून आजच्या तारखेचं संमतीपत्र मागवा. मागची तारीख टाकू नका, ते फार महागात पडतं. मंजुरीला वेळ लागेल, पण दाखल केल्याची पोहोच तरी अर्जाला जोडता येईल.

ऑडिटही बघा. ३१ मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ते झालेलं हवं. शेवटच्या तीन वर्षांचे अहवाल लागतात असं धरून चाला.

बिलं मंडळाच्या नावानं घ्या, खजिनदाराच्या नावानं नको. उप्पीट करणाऱ्या मावशींकडे बिलबुक नसणार, त्यांना व्हाउचर करा, ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रसीद तिकीट लावून त्यावर सही. एका माणसाला एका दिवशी १०,००० पेक्षा जास्त रोख देऊ नका. तुमची लाल वही छानच असेल, पण लाल वही जोडता येत नाही हो.

टिप्पणीवाला_काका

ताई बरोबर सांगतात. पहिल्या शंकेचं: बारीक रक्कम हाच तुमचा फायदा. रक्कम वाढली की मंजुरीच्या पायऱ्या वाढतात. शिवाय यंदा छोटी रक्कम घेऊन विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत दिलंत तर पुढच्या वर्षी तुमची फाईल ‘जुनी’ असते. कार्यालयात जुन्या फाईलला मान असतो.

रंकाळा_सायकल

मध्येच बोलतो, माझं बघून शहाणे व्हा. आम्ही पोरांची सायकल फेरी काढली होती, एका कार्यालयानं खर्च देऊ म्हटलं. तोंडी. आम्ही उत्साहात टी-शर्ट छापून आणले, मंजुरीपत्र आलं आठ दिवसांनी. बिल लावायला गेलो तर म्हणाले, पत्राच्या तारखेआधीचं बिल धरता येत नाही. ६,८०० रुपये माझ्या खिशातनं गेले, टी-शर्ट अजून घालतोय. पत्र हातात पडल्याशिवाय एक शिट्टीसुद्धा घेऊ नका वैनी. आणि पैसे आधी मिळतात हे मनातनं काढा, बहुतेक ठिकाणी आपण खर्च करायचा आणि मग ते परत देणार. तोवर १२ हजार कुठनं फिरवायचे ते आत्ताच ठरवा. आमच्या मित्राची भिशी होती म्हणून निभावलं.

टिप्पणीवाला_काका

दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा, दरपत्रक मंजुरीआधीचं चालतं, किंबहुना लागतंच. तीन दुकानांची घ्या. बिल तेवढं नंतरचं.

अजून एक दार. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ३०. जिल्हा प्राधिकरणानं स्थानिक संस्था आणि स्वयंसेवी संस्थांच्या मदतीनं लोकांचं प्रशिक्षण आणि जागृती करावी असं त्यात आहे. अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन शाखेला माहितीस्तव द्या. पैसे नाही दिले तरी त्यांचं पत्र मिळालं तर पालिकेकडच्या फाईलला जोडता येतं.

मागच्या तीन वर्षांत कुठल्या शीर्षातून कोणत्या संस्थांना किती दिलं हे माहिती अधिकारात मागा. खरं तर कलम ४ प्रमाणे अनुदानाची माहिती त्यांनी स्वतःहून जाहीर करायची असते, तेव्हा आधी वेबसाईट चाळा. नाही सापडलं तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा ठेवायचा असतो. ३० दिवसांत उत्तर. भांडायला नव्हे, ज्या शीर्षातून दिलंय त्याचं नाव कळायला. तेच नाव तुमच्या विषयात घालायचं.

खजिनदार_वैनी

मंडळी, आठ दिवस झाले, काय झालं ते सांगते.

पुण्याला फोन केला. जुन्या अध्यक्षा आधी म्हणाल्या, ‘म्हंजे मी अजून अध्यक्ष हाय?’ आणि खूशच झाल्या. मग संमतीपत्र पाठवलं. बदल अर्ज विलंब माफीसकट दाखल केला, पोहोच मिळाली.

अर्जाचा विषय आता असा आहे: ‘पूरबाधित दोन गल्ल्यांतील १२० कुटुंबांचे मान्सूनपूर्व प्रशिक्षण तसेच दिव्यांग व वयोवृद्ध रहिवाशांची स्थलांतर यादी संयुक्तपणे तयार करणेबाबत.’ पैसे हा शब्द दुसऱ्या पानावर येतो. पहिल्या परिच्छेदात २०२१ चा बोटीचा प्रसंग लिहिला, आज्जींचं नाव न घालता. थोरल्यानं ‘सदर वृद्ध महिला ध्वनिक्षेपकावरील सूचना ऐकण्यास असमर्थ असल्याने’ असं लिहून दिलं होतं, मी खोडलं आणि ‘आज्जींना भोंगा ऐकू आला नाही’ एवढंच ठेवलं. काका रागावतील, पण तेवढं एक वाक्य माझं राहू दे.

यादी करायला घरोघर फिरलो तर ऐकू न येणाऱ्या चौघी निघाल्या आणि अंथरुणाला खिळलेले दोघे. आम्हाला एकच आज्जी माहीत होत्या. दोन वर्षं वर्ग घेतोय आणि यादी तेवढी अंदाजानं केलेली, याचं वाईट वाटलं. त्या चौघींना शिट्टीचाही उपयोग नाही, म्हणून शेजारच्या घरातनं त्यांच्या पलंगाजवळ एक बल्ब ओढायचा विचार चाललाय, बटण शेजारणीकडे. पण पाणी आल्यावर लाईट बंद करतात, तेव्हा बल्ब नको. गल्लीतला एक पोरगा म्हणतोय बॅटरीवर करून देतो. त्याचा खर्च अर्जात नाही.

दोन प्रती नेल्या होत्या. आमच्या प्रतीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घेतला, तो जरा पुसट उठला म्हणून दुसऱ्यांदा मारून घेतला. माहिती अधिकाराचा अर्जही टाकलाय, उत्तर आलं की इथंच सांगते.

आता दरपत्रकं. पाकिटांना लक्ष्मीपुरीत दोन दुकानांत ५२ आणि ५५ सांगितले, माझ्या कागदावर ४५ आहेत. १२० नगांचा भाव ४५ च्या आत देणारा, आणि मुख्य म्हणजे पक्कं बिल देणारा कोणी माहीत आहे का?

ताळेबंद_ताई

व्यक्तिगत निरोप बघा. ४३ ला देईल, बिलासकट. पण मंजुरीपत्र येईपर्यंत फक्त दरपत्रक घ्या.