गावठी भाजीचा स्टॉल लावलाय पण लोक बघून पुढे जातात, काय करावं?

सत्तरीची सून
नमस्कार सगळ्यांना. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या वाड्यावरच्या अकरा बायकांचा सेल्फ हेल्प ग्रुप आहे, यंदा पाऊस सुरू झाल्यापासून दर रविवारी सकाळी फोंड्याला जाणाऱ्या रस्त्यावर टेबल मांडतो. तायकिळो (टाकळा), कुड्डुकेची भाजी, तेरें (रानअळू), आकूर, किल्ल (बांबूचे कोंब), फागलां (कंटोळी) अशा पावसाळी भाज्या, शिवाय उकडे तांदूळ आणि सोलां (आमसुलं). सगळं आमच्या कुळागरातलं (सुपारीच्या बागेतलं), शेतातलं नाहीतर डोंगरावरचं, फवारणीचा प्रश्नच नाही.

गाड्या थांबतात, लोक उतरतात, फागलां आहेत का विचारतात, ती अर्ध्या तासात संपतात आणि मग बाकीचं तसंच पडून राहतं. गेल्या रविवारी तायकिळ्याच्या चौदा जुड्या परत आणल्या, संध्याकाळ झाली की त्याची पानं मिटतात ना तशी जुडीतच मिटून मलूल झाली होती, बघवत नव्हतं. एका मुलीने जुडी हातात घेऊन विचारलं, ही मेथी का? तिचा दोष नाही, दिसते तशीच. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी हे कोणी विकत घेतच नव्हतं, परसात उगवायचं आणि लागेल तेवढं खुडून आणायचं.

आता ग्रुपमधल्या दोघी म्हणतात बेळगावची भाजी आणून सोबत ठेवूया, आणि एक म्हणते रोण अळमी (वारुळावरची रानटी अळंबी) आणूया, त्याचे पैसे चांगले येतात. माझं मन दोन्हीला तयार नाही पण रिकाम्या हाताने घरी जाणं पण परवडत नाही. ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी सांगा प्लीज.

पणजीची मीना
ताई मी तुमच्या त्या गिऱ्हाइकांपैकीच एक आहे, म्हणून खरं सांगते. आई तायकिळो करायची, मी खाल्लाय, चव अजून लक्षात आहे, पण निवडायचा कसा, कुठपर्यंतचा देठ घ्यायचा, डाळ घालायची की बिकणां (फणसाच्या आठळ्या), काहीच माहीत नाही आणि आई आता नाही. त्यामुळे जुडी बघते, बरं वाटतं आणि घेते शेवटी कोबीच. तेऱ्याची तर भीतीच वाटते, घसा खाजला तर काय करायचं. तुम्ही भाजीसोबत ती करायची कशी हे सांगितलंत तर मी दर रविवारी पणजीहून येईन, मनापासून सांगते.

फोंड्याची वैनी
मीनाने बरोबर नस पकडली. आम्ही पाच बायका चार पावसाळे हेच करतोय, पहिल्या वर्षी आमचं पण हेच झालं होतं.

आम्ही काय केलं तर भाजी नुसती ठेवणं बंद केलं. तायकिळ्याच्या जुडीसोबत मूठभर बिकणां, उन्हाळ्यात लाल माती लावून ठेवलेली असतात ना ती. तेऱ्याच्या जुडीसोबत दोन-तीन आंबाडे आणि चार तिरफळां. आंबटाशिवाय तेरें खाजणारच, हे तोंडाने सांगायचं, दर वेळी सांगायचं, कंटाळायचं नाही. आणि घरून एका डब्यात शिजवलेली भाजी न्यायची, पानावर एक चमचा चाखायला द्यायची. चाखलेला माणूस सहसा तसाच जात नाही.

बेळगावच्या भाजीच्या नादाला लागू नका. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर ती सबसिडीत मिळते, त्या रेटला तुम्ही पुऱ्या पडणार नाही, आणि तुमच्या टेबलाची ओळख पण जाईल. त्यापेक्षा दिवस बघून माल न्या. नागपंचमीच्या आदल्या दोन दिवशी हळदीची पानं न्या, पातोळ्यांसाठी लोक शोधत फिरतात, आणि १५ ऑगस्टला क्रिस्तांव घरांत पण पातोळ्या होतात तेव्हा परत एकदा न्या. चवथीच्या आधी माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीचं) सामान, सुपारीचे घड, तोरिंगां, कवंडाळ, ते तर सत्तरीवाल्यांकडूनच लोकांना हवं असतं. मे महिन्यात पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या साठवणीच्या) वेळी सोलां, चिंच, आगळ (कोकमाचा रस).

सोलां-आगळ पॅक करून विकणार असाल तर एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेचं सरकारी) बेसिक रजिस्ट्रेशन काढून ठेवा. ताज्या भाजीला शेतकऱ्याला त्याची गरज नाही.

पेडण्याचा शेतकार
भाजीचं वैनींनी सांगितलंच, मी तांदळाचं सांगतो. ताई तुमच्या पिशवीवर नुसतं उकडे तांदूळ लिहिलंय की जातीचं नाव पण आहे? कारण बाजारात उकडे म्हणून मिळतात ते बरेचदा ज्योती नाहीतर जया असतात, वाईट नाहीत, पण घेणाऱ्याला कळलं पाहिजे.

आमची खाजन शेती, बांधाच्या पलीकडे खारं पाणी. तिथे कोरगूटच (भाताची जुनी जात) येतो, पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं की पेरायचा, मानशीचं दार (बांधातून पाणी आत-बाहेर सोडायचं) सांभाळायचं, खत फारसं मागत नाही. ताट उंच होतं त्यामुळे वाऱ्यात आडवं पडतं आणि उतारा कमी, म्हणून शेजाऱ्यांनी एकेक करून सोडला. जुने गोंयच्या आयसीएआरच्या (केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेने कोरगुटातून निवड करून नवीन वाण काढलेत ते चांगलंच आहे, पण मूळ बी शेतातच राहायला हवं आणि बी दरवर्षी पेरलं तरच जिवंत राहतं, कपाटात ठेवून भागत नाही.

मी एका दुकानाला दोन वर्षं दिला, त्यांनी दुसऱ्या तांदळात मिसळून विकला, नाव माझं. मग बंद केलं. आता म्हापशातली बारा घरं आहेत, मिरगाच्या आधी निम्मे पैसे देतात, कापणीनंतर तांदूळ घरपोच. कमी आला तर सगळ्यांना कमी, हे आधीच ठरलेलं. दोघेजण लावणीला पोरांना घेऊन येतात, चिखलात उतरतात. तुमच्याकडे पण गिऱ्हाईक ओळखीचं झालं की हे विचारून बघा, पेरायच्या आधी पैसे हातात आले की माणूस निश्चिंत पेरतो.

डोंगरवाट
रोण अळम्यांबद्दल कळकळीने सांगतो, नका विकू. ती लावून येत नाहीत, वारुळातल्या वाळवीच्या जिवावर येतात, आणि छत्री उघडायच्या आधी मुळासकट उपटली की पुढच्यासाठी बीच पडत नाही. आमच्या मामाच्या गावी ज्या वारुळांवर लहानपणी पान भरून अळमी मिळायची तिथे आता लोक काठीने वारूळच खणतात, खालून काही मिळेल म्हणून. म्हादई अभयारण्यातून काढायला तर कायद्यानेच बंदी आहे. घरच्या सणाला चार खाणं वेगळं, रस्त्यावर ढीग लावणं वेगळं.

सत्तरीची सून
सगळ्यांचे खूप खूप आभार, ग्रुपमध्ये सगळं वाचून दाखवलं.

काल टेबलाशेजारी छोटा गॅस लावला आणि सासूबाईंना खुर्चीवर बसवलं. त्यांनी तिथेच तायकिळो चिरला, शेंडे आणि कोवळी पानंच घेतली, देठ बाजूला, मग तेलात कांदा-मिरची, उकडलेली बिकणां, वरून ओलं खोबरं. वास सुटला तशी माणसं गोळा झाली, एक आजी तर डोळे पुसत होत्या, मडगावच्या फ्लॅटमध्ये राहतात म्हणाल्या, किती वर्षांनी हा वास आला. अठरा जुड्या नेल्या होत्या, सगळ्या गेल्या. तेरें निम्मं राहिलं पण दोघींनी आंबाडे मागून घेतले.

बेळगावचा विषय ग्रुपने सोडला. अळम्यांवर अजून एकमत नाही, जी म्हणते तिच्या घरी खरंच गरज आहे, म्हणून चवथीच्या माटोळीच्या मालाचे पैसे पहिले तिला द्यायचे असं ठरवतोय.

शेतकार भाऊ, आमच्या तांदळाच्या जातीचं नाव सासऱ्यांना विचारलं, ते नुसतं गावठी म्हणतात. एक मूठ भात तुमच्याकडे पाठवलं तर बघून सांगाल का?

पेडण्याचा शेतकार
पाठवा की. सोललेला नको, तुसासकट पाठवा, आणि जमलं तर एक आख्खी लोंबी.