काकडा राहिलाच की

‘पाऊस आणि वसंत सोडला तर मराठी कवितेत दिवाळीच्या आगेमागच्या दिवसांना जागाच नाही, ऊब हवी तर इंग्रजी कविता वाचा’ हे म्हणणं वाचलं, ते छापील कवितेपुरतं बऱ्यापैकी पटतं. पण गावोगाव कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे काकडा चालतो, तो यात कुठेच आला नाही. थंडी वाढत असताना महिनाभर लोक अंधारात उठून संतांची कविता म्हणतात, तीही तोंडपाठ. काकडा म्हणजे मुळात तुपात भिजवलेली कापडाची पिळदार वात. तिने ओवाळून आधी देवाला उठवायचं, मग भूपाळ्या, वासुदेव आणि आंधळे-पांगळे (म्हणजे त्यांच्या तोंडी घातलेले अभंग), गौळणी.

आमच्या देवळात पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावणाऱ्याची बोटं सुरुवातीला आखडलेली असतात, फरशीवर तर बसवतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गौळणीला मफलर सुटायला लागतात. (हल्ली लाउडस्पीकर लावतात, तो मात्र नको वाटतो.) आंधळे-पांगळे पुस्तकात वाचून मला कधी फारसे भिडले नाहीत, ते टाळ घेऊन, दहाजणांच्या आवाजात म्हणायचेच अभंग आहेत.